बहुघटक चाचण्या आणि त्यांचे वृत्तलेखन : एक ऐतिहासिक परामर्श

१. विषयप्रवेश

वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर हे गाव वसलेले आहे. विदर्भाची प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने या स्थळाला मान दिला आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले व त्याचा वृत्तान्त १९६८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला. उत्खननाचा एक गुणधर्म इतिहासाच्या अभ्यासकास सुपरिचित आहे. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. खणण्याच्या क्रियेतच मूळ पुरावा नाहीसा होतो आणि मागे उरते ती केवळ नोंद. कोणता अवशेष कोणत्या थरात, कशाच्या सान्निध्यात सापडला, हे ज्या वृत्तान्तात लिहिलेले नसते त्यातील वस्तू संग्रहालयाची शोभा वाढवितात. इतिहासाला त्यांचा उपयोग होत नाही.

माणसांवर केलेल्या औषधचाचणीलाही हेच तत्त्व लागू पडते. सहस्रावधी रुग्णांनी संमती दिली, औषधे घेतली, काही बरे झाले, काही दगावले. ती चाचणी जशीच्या तशी पुन्हा होणे नाही. तिचे जे वृत्त छापले जाते तेवढाच तिचा पुरावा. या चाचण्यांपैकी एक प्रकार असा आहे की ज्याचे वृत्त अपुरे राहिल्यास वाचणाऱ्याची दिशाभूल होण्याचा संभव विशेष असतो. इंग्रजीत ज्याला फॅक्टोरियल म्हणतात आणि प्रस्तुत निबंधात ज्याला बहुघटक रचना म्हटले आहे, तो हा प्रकार होय. अशा चाचण्यांचे वृत्त कसे लिहावे यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही रचना मूळची शेतातली. शेतातून रुग्णालयात येताना तिचा हेतू बदलला, आणि तो बदल वृत्तलेखनात स्पष्टपणे नोंदला गेला नाही. २०२३ च्या नियमांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिल्यासच नीट ध्यानात येते, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. शेतातील प्रश्न

कौंडण्यपूरच्या टेकाडाभोवतीची जमीन वऱ्हाडातील इतर पुष्कळशा जमिनीप्रमाणे काळी, कापसाची आहे. या भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटीच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास पेरीत आला आहे. दोन पिके एकत्र वाढताना एकमेकांच्या वाढीवर परिणाम करतात. एकट्या पऱ्हाटीचे आणि एकट्या तुरीचे उत्पन्न ठाऊक असले, तरी केवळ त्यांवरून मिश्र पिकाचे उत्पन्न सांगता येत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत असते. तेच खताचे. पाऊस वेळेवर पडला तर खत लागू पडते. ओढ दिली तर तेच खत वाया जाते. दोन कारणे एकत्र आली असता होणारा परिणाम हा त्यांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेहून निराळा असतो, तेव्हा त्या दोन कारणांत आंतरक्रिया आहे असे संख्याशास्त्रज्ञ म्हणतात.

या अनुभवाला शास्त्रीय रूप इंग्लंडातील रॉदॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात मिळाले. तेथे १८४३ पासून खतांचे दीर्घकालीन प्रयोग चालू होते. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर तेथे संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि १९२६ मध्ये शेतप्रयोगांच्या मांडणीवर त्यांनी एक लहानसा, पण युगप्रवर्तक लेख लिहिला. एका प्रयोगात एकाच गोष्टीत बदल करावा व बाकीच्या सर्व गोष्टी स्थिर ठेवाव्यात, असा त्या काळी दंडक होता. फिशर यांनी त्यास स्पष्ट विरोध केला. निसर्गाला एकेक सुटा प्रश्न विचारला तर पुष्कळदा तो उत्तर देण्याचे नाकारतो. नीट विचारपूर्वक तयार केलेली प्रश्नावली पुढे ठेवली तर तो अधिक मोकळेपणाने उत्तरे देतो, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन होते. ओट पिकावरील प्रयोगाचे उदाहरण देऊन खताचा प्रकार, त्याची मात्रा आणि ते देण्याची वेळ या तिन्ही घटकांचा एकाच शेतात, सर्व जुळण्यांसह एकत्र विचार कसा करता येतो, हे त्यांनी दाखविले. १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवरील त्यांचा ग्रंथ निघाला. १९३७ मध्ये त्यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी बहुघटक प्रयोगांच्या आखणीवर व विश्लेषणावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली.

फिशर व येट्स यांच्या दृष्टीने या रचनेचे लाभ दोन होते. पहिला काटकसरीचा : प्रत्येक वाफ्याचे उत्पन्न एकाच वेळी अनेक प्रश्नांच्या उत्तराला उपयोगी पडते. दुसरा ज्ञानाचा : घटकांची आंतरक्रिया आहे किंवा कसे, हे अन्य कोणत्याही मार्गाने कळत नाही, ते या रचनेने कळते. हे दोन लाभ निराळे आहेत, हे पुढील इतिहास समजण्यासाठी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

३. वऱ्हाड, इंदूर आणि नवी दिल्ली

ही विद्या भारतात लवकर आली आणि तिच्या प्रसारात मराठी भाषिकांचा वाटा लक्षणीय आहे. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या साहाय्याने १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पतिउद्योग संस्था स्थापन झाली. तेथे विनायक गोविंद पानसे यांनी जे. बी. हचिन्सन यांच्यासमवेत कापसाच्या चाचण्यांतील वाफ्यांचा आकार, रूप व मांडणी यांचा अभ्यास केला; तो १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. आर. जे. कळमकर यांनी रॉदॅमस्टेड येथे काम करून १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत बटाटा, गहू इत्यादी पिकांच्या प्रयोगांतील त्रुटीच्या मापनावर निबंध लिहिले आणि पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कृषिखात्यात काम केले. १९४० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज यदृच्छ नमुन्यावरून काढण्याचे पाहणीकार्य अकोला जिल्ह्यात झाले, त्याच्याशी पानसे व कळमकर या दोघांचा संबंध होता. १९४४ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात त्यांनी या विषयावर संयुक्त टिपण लिहिले. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० मध्ये दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेत आले. पानसे व सुखात्मे यांचा कृषिकार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला आणि भारतातील कृषिविद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. इकडे कलकत्त्यास राजचंद्र बोस व के. किशन यांनी १९४० मध्ये संख्या या नियतकालिकात बहुघटक रचनेच्या गणितावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला होता.

या परंपरेत वाढलेला कृषिसंशोधक प्रयोगाचे वृत्त लिहिताना काही गोष्टी सवयीने नोंदवीत असे. घटक किती, प्रत्येकाच्या पातळ्या किती, सर्व जुळण्या घेतल्या की काही वगळल्या, खंड किती, पुनरावृत्ती किती, आणि विश्लेषणाच्या कोष्टकात प्रत्येक मुख्य परिणामाखाली प्रत्येक आंतरक्रियेची स्वतंत्र ओळ. आंतरक्रियेची ओळ गाळणे हे अपुरेपणाचे लक्षण मानले जाई, कारण प्रयोग पुष्कळदा तिच्यासाठीच मांडलेला असे. अमुक वाणाला अमुक अंतरावर किती खत द्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीवाचून देता येत नाही.

४. रुग्णालयातील स्थलांतर

वैद्यकात यदृच्छ वाटणीचे तत्त्व दृढ झाले ते ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीने. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेली ही क्षयरोगावरील चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे स्वरूप साधे होते : एका गटाला नवे औषध, दुसऱ्याला नाही. पुढील तीन दशके हा द्विगट नमुना वैद्यकात सर्वमान्य राहिला. बहुघटक रचना तुरळक आढळे.

तिचे महत्त्व वाढले १९८० नंतर. हृदयरोगासारख्या व्याधीत एखाद्या औषधाने मृत्यूचे प्रमाण थोडेसेच घटते. तो लहान फरक सिद्ध करण्यासाठी हजारो रुग्ण लागतात आणि खर्च अतोनात होतो. तेव्हा एकाच रुग्णसमूहावर दोन प्रश्न एकदम का विचारू नयेत, असा विचार पुढे आला. अमेरिकेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या डॉक्टरांच्या आरोग्यविषयक अभ्यासात २२,०७१ पुरुष डॉक्टरांना अ‍ॅस्पिरिन व बीटा-कॅरोटिन ही दोन द्रव्ये २ × २ रचनेने देण्यात आली. हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसल्यामुळे अ‍ॅस्पिरिनचा भाग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला व त्याचे फलित १९८८ मध्ये जाहीर झाले. बीटा-कॅरोटिनचा भाग मात्र १९९५ पर्यंत चालू राहिला. एकाच चाचणीचे दोन भाग निरनिराळ्या वेळी संपू शकतात, ही द्विगट चाचणीत न उद्भवणारी परिस्थिती येथे स्पष्ट झाली.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, लॅन्सेटमध्ये आयसिस-२ या चाचणीचे वृत्त प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा तीव्र झटका आल्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांना ४१७ रुग्णालयांत यदृच्छ वाटणीने चार गटांत विभागले होते. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू असे : दोन्ही औषधे न मिळालेल्यांत ४,३०० पैकी ५६८, म्हणजे १३.२ टक्के, केवळ अ‍ॅस्पिरिन मिळालेल्यांत ४,२९५ पैकी ४६१, म्हणजे १०.७ टक्के, केवळ स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत ४,३०० पैकी ४४८, म्हणजे १०.४ टक्के, आणि दोन्ही मिळालेल्यांत ४,२९२ पैकी ३४३, म्हणजे ८.० टक्के. या चार आकड्यांनी जगभरातील हृदयरोगचिकित्सेची दिशा बदलली. वृत्तलेखनाच्या दृष्टीनेही ते आदर्श ठरतात, कारण चारही कप्पे वाचकापुढे उघडे मांडलेले आहेत.

मात्र या चाचण्यांचा हेतू शेतातील प्रयोगाच्या हेतूहून निराळा होता. फिशर यांनी सांगितलेल्या दोन लाभांपैकी वैद्यकाने मुख्यतः पहिला, काटकसरीचा, स्वीकारला. एका चाचणीच्या खर्चात दोन चाचण्या होतात, हे आकर्षण होते. परंतु हा हिशेब जुळावा म्हणून दोन औषधांत आंतरक्रिया नाही, असे गृहीत धरावे लागते. शेतकरी ज्या गोष्टीचा शोध घेत होता, ती नसावी अशी रुग्णालयातील संशोधकाची अपेक्षा असे.

५. गृहीतकाचे मोल

या गृहीतकावर किती अवलंबून असते, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. खत व पाणी या दोन घटकांचा प्रयोग आहे असे समजावे. दोन्ही नसता उत्पन्न १०० एकक, केवळ खताने ११०, केवळ पाण्याने १२० आणि दोन्हींनी १८०. खताचा सरासरी परिणाम काढला तर तो १० व ६० यांच्या मध्ये, म्हणजे ३५ एकक येतो. कोरडवाहू शेतकऱ्याला खताने १० एकक मिळतात, ओलिताच्या शेतकऱ्याला ६०. ३५ एकक कोणाच्याच पदरात पडत नाहीत. केवळ ३५ हा आकडा छापणारे वृत्त गणिताने अचूक असूनही दोघांच्या दृष्टीने निरुपयोगी आहे; कोरडवाहू शेतकरी त्यावर विसंबून कर्ज काढील तर ते हानिकारकही ठरेल. खताच्या जागी एक औषध व पाण्याच्या जागी दुसरे औषध ठेवले की रुग्णालयातील स्थिती समोर येते.

आंतरक्रिया आहे किंवा नाही, हे मोजण्याच्या पट्टीवरही अवलंबून असते. आयसिस-२ चे आकडे येथे पुन्हा पाहण्यासारखे आहेत. वजाबाकीच्या पट्टीने पाहिल्यास अ‍ॅस्पिरिनने मृत्यूचे प्रमाण २.५ व स्ट्रेप्टोकायनेजने २.८ टक्क्यांनी घटले. दोन्हींची बेरीज केल्यास एकत्रित गटात ७.९ टक्के मृत्यू अपेक्षित होते, प्रत्यक्षात ८.० झाले. गुणोत्तराच्या पट्टीने पाहिल्यास अपेक्षित प्रमाण सुमारे ८.५ येते. या चाचणीत हा फरक क्षुल्लक आहे आणि निष्कर्षाला त्याने बाध येत नाही. तथापि कोणत्या पट्टीने आंतरक्रिया तपासली, हे लेखकाने सांगितल्यावाचून ‘आंतरक्रिया आढळली नाही’ या विधानाला निश्चित अर्थ प्राप्त होत नाही, एवढे यावरून दिसून येते.

तिसरी अडचण संख्येची. मुख्य परिणाम काढताना सर्व रुग्ण उपयोगी पडतात; आंतरक्रिया म्हणजे दोन फरकांमधील फरक असल्यामुळे तिच्या अंदाजातील अनिश्चितता कितीतरी अधिक असते. मुख्य परिणामाइतक्याच आकाराची आंतरक्रिया तितक्याच खात्रीने ओळखावयाची असेल, तर सुमारे चौपट रुग्ण लागतात. केवळ मुख्य परिणामांसाठी बेतलेल्या चाचणीत आंतरक्रिया आढळली नाही, म्हणजे ती नाही असे सिद्ध होत नाही. ती असती तरी दिसण्याइतके बळ त्या चाचणीत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा होतो. शेतातील प्रयोग पुढल्या हंगामात, दुसऱ्या गावी पुन्हा करता येतो. रुग्णांवरील मोठी चाचणी क्वचितच पुन्हा होते.

६. विदर्भातील व भारतातील उदाहरणे

अनेक उपचार एकत्र देऊन केलेली प्रत्येक चाचणी बहुघटक असते असे नाही, हा भेद विदर्भातीलच दोन प्रसिद्ध अभ्यासांवरून स्पष्ट करता येतो. गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग, राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी नवजात बालकांची घरगुती निगा आणि जंतुसंसर्गावर उपचार यांची योजना राबविली. ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या अभ्यासाचा प्रभाव भारताच्या आरोग्यधोरणावर पडला. तेथे अनेक उपायांचे मिळून एक गाठोडे तपासले होते. समग्र गाठोडे उपयोगी आहे काय, हा प्रश्न होता व त्याचे उत्तर मिळाले. त्यातील कोणत्या उपायाचा वाटा किती, हा निराळा प्रश्न आहे. तो चाचणीच्या रचनेतूनच सोडवावयाचा तर उपाय असलेले व नसलेले असे सर्व जुळण्यांचे गट लागतात.

दुसरा अभ्यास नागपूरचा. बालकांच्या तीव्र अतिसारावर जस्त व तांबे यांचा उपयोग होतो काय, हे ८०८ बालकांत तपासून त्याचे वृत्त २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे गट तीन होते : निष्क्रिय औषध, केवळ जस्त, आणि जस्त व तांबे एकत्र. अतिसाराचा काळ कमी होण्याच्या दृष्टीने जस्ताचा किंवा जस्त-तांब्याच्या जोडीचा लाभ दिसला नाही. केवळ तांबे मिळालेला चौथा गट नसल्यामुळे ही बहुगट चाचणी होय, बहुघटक नव्हे. तिच्यावरून जस्त व तांबे यांच्या आंतरक्रियेविषयी काही म्हणता येत नाही, आणि तसे म्हणण्याचा तिचा उद्देशही नव्हता. दोन्ही अभ्यास आपापल्या प्रश्नाशी सुसंगत आहेत. वाचकाने मात्र रचना ओळखून वाचले पाहिजे, आणि ती ओळखता येईल असे लिहिणे हे लेखकाचे काम आहे.

पूर्ण बहुघटक रचनेचे भारताशी निकटचा संबंध असलेले अलीकडील उदाहरण म्हणजे टिप्स-३. हृदयविकार नसलेल्या, पण त्याचा धोका अधिक असलेल्या ५,७१३ व्यक्ती तिच्यात होत्या व त्यांपैकी जवळजवळ निम्म्या भारतातील होत्या. अनेक औषधे एकत्र असलेली गोळी, अ‍ॅस्पिरिन आणि ड जीवनसत्त्व या तीन घटकांची ही २ × २ × २ रचना होती. २०२१ मध्ये छापलेल्या मुख्य वृत्तात पहिल्या दोन घटकांचे फलित आहे. संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना व न घेणाऱ्यांत ५.५ टक्क्यांना मुख्य हृदयविकारघटना घडल्या. अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत, थोड्या निराळ्या व्याख्येने, हे प्रमाण ४.१ व ४.७ टक्के होते. याशिवाय गोळी व अ‍ॅस्पिरिन दोन्ही घेणारे आणि दोन्ही न घेणारे यांचीही तुलना आधीच ठरविलेली होती; तिच्यात ही प्रमाणे ४.१ व ५.८ टक्के आली. पहिल्या दोन तुलनांत सर्व व्यक्ती आहेत; तिसरीत सुमारे निम्म्याच. पहिल्या दोन तुलना बहुघटक पद्धतीच्या आहेत, तिसरी बहुगट पद्धतीची. तिन्ही न्याय्य आहेत, पण त्यांची उत्तरे निरनिराळ्या प्रश्नांची आहेत. कोणती तुलना कोणत्या पद्धतीची, हे स्पष्ट न लिहिले तर वाचक तिन्ही आकडे एका पंक्तीत बसवील आणि चुकेल.

७. नियमांची घडण

चाचण्यांची वृत्ते अपुरी लिहिली जातात, ही तक्रार जुनी आहे. तिच्या निवारणार्थ १९९६ मध्ये कॉन्सॉर्ट नावाचे निवेदन प्रसिद्ध झाले : चाचणीच्या वृत्तात कोणत्या गोष्टी असाव्यात याची सूची आणि रुग्णांच्या प्रवासाचा आलेख. २००१ व २०१० मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मूळ सूची द्विगट समांतर चाचणी डोळ्यांपुढे ठेवून रचलेली होती. पुढे समूहनिहाय वाटणीच्या, तसेच बहुगट इत्यादी चाचण्यांसाठी स्वतंत्र विस्तार झाले. चाचणी सुरू होण्यापूर्वीच्या आराखड्यासाठी स्पिरिट हे निवेदन २०१३ मध्ये आले. भारतात चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. बहुघटक चाचण्यांच्या वृत्तांतील उणिवांकडे २००३ मध्येच अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातील एका पद्धतशीर समीक्षेने लक्ष वेधले होते. तरीही स्वतंत्र नियम होण्यास आणखी वीस वर्षे लागली.

ब्रेनन काहान, अ‍ॅलन माँटगमेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम तीन टप्प्यांत केले. प्रथम उपलब्ध वाङ्मयाचा धांडोळा घेऊन संभाव्य मुद्द्यांची यादी तयार झाली. नंतर डेल्फी पद्धतीने मते मागविण्यात आली. या पद्धतीत जाणकार परस्परांच्या दबावाविना मत नोंदवितात, समूहाचा कल पाहतात आणि पुढल्या फेरीत हवे तर आपले मत बदलतात. अखेरीस सहमतीसाठी बैठक झाली. त्यातून डिसेंबर २०२३ मध्ये दोन विस्तार प्रसिद्ध झाले. कॉन्सॉर्टच्या २०१० च्या सूचीतील ३७ बाबींपैकी १६ सुधारण्यात आल्या व एक नवी बाब जोडण्यात आली. स्पिरिटच्या ३३ पैकी ९ बाबींत बदल झाले.

या बाबींचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. चाचणी बहुघटक आहे, हे शीर्षकातच म्हणावे. ही रचना का निवडली, काटकसरीसाठी की आंतरक्रियेच्या शोधासाठी, आणि आंतरक्रियेची अपेक्षा होती किंवा नव्हती, हे सांगावे. मुख्य तुलना कोणत्या गटांमधील आहेत, ते नमूद करावे. प्रत्येक घटकासाठी पात्रतेच्या अटी निराळ्या होत्या काय, सर्व घटकांची वाटणी एकाच वेळी झाली काय, हे लिहावे. रुग्णसंख्या ठरविताना आंतरक्रियेविषयी काय गृहीत धरले, विश्लेषण बहुघटक पद्धतीने केले की बहुगट पद्धतीने, आणि आंतरक्रिया कशी तपासली, हे स्पष्ट करावे. फलित देताना मुख्य तुलनांबरोबर आंतरक्रियेचा पुरावा द्यावा आणि प्रत्येक गटाची माहिती वाचकाला उपलब्ध करावी.

पानसे-सुखात्मे यांच्या ग्रंथावर वाढलेल्या कृषिसंशोधकाला या मागण्यांपैकी पुष्कळ ओळखीच्या वाटतील. घटक, पातळ्या, जुळण्या, आंतरक्रियेची ओळ, हे सर्व त्याच्या कोष्टकात होतेच. तथापि नियमांत नवे काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाफ्याला पात्रतेची अट नसते, वाफा मध्येच प्रयोग सोडून जात नाही, आपल्याला कोणते खत मिळाले हे वाफ्याला कळत नाही. माणूस घटक झाल्यावर उद्भवणारे हे प्रश्न शेतीच्या परंपरेत नव्हते, आणि त्यांची उत्तरे वैद्यकालाच शोधावी लागली. विशेष लक्षणीय आहे ती हेतू सांगण्याची मागणी. स्थलांतरात जो हेतुबदल निमूटपणे घडला होता, तो आता लेखकाला शब्दांत मांडावा लागतो.

८. उपसंहार

या नियमांच्या मर्यादाही दृष्टिआड करून चालणार नाही. नियम चाचणीची रचना सुधारीत नाहीत. सदोष रचनेचे प्रामाणिक वृत्त हे सदोष रचनेचेच वृत्त राहते. सूचीतील सर्व चौकटींत खुणा करूनही मूळ प्रश्न टाळता येतो. शिवाय २०२५ मध्ये कॉन्सॉर्ट व स्पिरिट या दोहोंच्या नव्या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या असून, २०२३ चे विस्तार मात्र अनुक्रमे २०१० व २०१३ च्या आवृत्त्यांवर उभारलेले आहेत. त्यांचा मेळ अभ्यासकाने स्वतः घालावयाचा आहे.

तरीही या नियमांनी साधलेली गोष्ट लहान नाही. चाचणीत सहभागी झालेल्या व्यक्तीचे दान तिच्या वृत्तावरच टिकून राहते. ते वृत्त अपुरे असेल तर पुढील डॉक्टर कोरडवाहू शेतकऱ्याला ओलिताचा आकडा सांगतो, आणि त्याची किंमत डॉक्टर किंवा लेखक यांपैकी कोणीही देत नाही, रुग्ण देतो. कौंडण्यपूरच्या टेकाडाचे खणलेले थर आज अस्तित्वात नाहीत. १९६८ चा वृत्तान्त आहे, म्हणून त्यांविषयी आजही वाद करता येतो, शंका घेता येते, जुन्या निष्कर्षाची फेरतपासणी करता येते. आयसिस-२ चे चार कप्पे उघडे मांडले होते, म्हणूनच प्रस्तुत निबंधातील वजाबाकी व गुणोत्तर या दोन्ही पट्ट्यांनी ते इतक्या वर्षांनंतर पुन्हा मोजता आले. पुढच्या अभ्यासकाला मूळ लेखकाशी असहमत होता यावे इतकी पुरेशी नोंद मागे ठेवणे, ही टेकाडाच्या, शेताच्या आणि रुग्णालयाच्या संशोधकाची समान जबाबदारी होय.